पुराचे पाणी किती खोल होते? उपग्रह काय सांगतो आणि कडुनिंबावरची खूण काय सांगते



२०२५ च्या सप्टेंबरअखेरीस मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो कुणी विसरले असेल असे वाटत नाही. जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले, गोदाकाठची गावे हलवावी लागली आणि ओढ्याकाठच्या, नदीकाठच्या शेतांतून पाणी फिरले. अशा पुरानंतर चावडीवर, बँकेत, आपल्या गट ऑफिसात सगळीकडे एकच प्रश्न विचारला जातो, "पाणी कुठपर्यंत आलं होतं?" उसाच्या बाबतीत हा प्रश्न अर्धाच आहे. खरा प्रश्न असा की, पाणी किती खोल होते आणि किती वेळ होते.

अलीकडे उपग्रहावरून पुराचे नकाशे निघतात, ते वर्तमानपत्रांत छापून येतात, मोबाईलवरही फिरतात. त्यावर निळा रंग फासलेला असतो. त्या निळ्या रंगात आपला गट नंबर आला की "आपले गेले" आणि नाही आला की "आपले वाचले" असा अर्थ लावला जातो. हा अर्थ कुठे बरोबर ठरतो आणि कुठे साफ चुकतो, आणि त्या निळ्या रंगावरून पाण्याची खोली कशी काढतात, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय शास्त्राचा आहे, पण त्यात आपल्याला अनोळखी असे फारसे काही नाही. गवंड्याची पाण्याची नळी ज्याने पाहिली आहे त्याला यातले निम्मे आधीच समजलेले आहे.

प्रथम उसाचे पाहू. सोयाबीन, कापूस, मका यांच्या मुळाशी पाणी साचून राहिले की पीक बसते. तिथे पाणी वीतभर होते की कमरेइतके, याने फारसा फरक पडत नाही. उसाचे तसे नाही. सहा-सात महिन्यांच्या वाढलेल्या उसात गुडघाभर पाणी येऊन दोन दिवसांत निचरले, तर ऊस ते सोसतो. पाणी छातीइतके राहिले आणि आठवडाभर हलले नाही, तर मुळांना हवा मिळत नाही, कांड्यांना मुळ्या फुटतात, वाढ थांबते, वजन व उतारा दोन्ही घटतात. पाणी शेंड्यावरून गेले आणि पोंग्यात गाळ शिरला, तर वाढीचा कोंब कुजतो, बाजूने पांगशा फुटतात आणि तो ऊस मग जितका लवकर तोडून गव्हाणीत जाईल तितके शेतकऱ्याचे आणि कारखान्याचे नुकसान कमी. म्हणजे नकाशावर ज्या तिघांच्या शेतांना एकच निळा रंग आहे, त्यांच्यातल्या एकाने फक्त चर काढून पाणी बाहेर घालवायचे आहे, दुसऱ्याने वाट बघायची आहे आणि तिसऱ्याला तोडणीच्या कार्यक्रमात सगळ्यांच्या पुढे नंबर पाहिजे आहे. कोणाचा नंबर पुढे घ्यायचा हे खोलीवरून ठरते, नुसत्या निळ्या रंगावरून ठरवू म्हटले तर भांडणेच व्हायची.

आता मुख्य मुद्दा. पुराच्या गढूळ पाण्याची खोली आभाळातून कोणताही उपग्रह मोजत नाही. त्याला पाण्याचा तळ दिसत नाही. त्याला दिसते ती पाण्याची कड, म्हणजे ओले कुठे संपले आणि कोरडे कुठे सुरू झाले ती रेघ. खोली त्याच्यानंतर हिशेबाने काढावी लागते. (२०२२ च्या डिसेंबरात अमेरिका व फ्रान्स यांनी मिळून सोडलेला स्वॉट नावाचा उपग्रह पाण्याची पातळी थेट मोजतो, पण तो रुंद नद्या आणि मोठे जलाशय यांच्यासाठी. आपल्या शिवनेसारख्या अरुंद पात्राच्या नदीला त्याचा उपयोग नाही.)

तो हिशेब कसा, हे समजायला नाथसागराकडे बघावे. जायकवाडी पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६३.९ मीटर असते. जलाशय पसरलेला किती लांब! पण ज्या दिवशी धरणावरच्या पट्टीवर १५२२ फूट पातळी असते, त्या दिवशी काठाकाठाने जिथे म्हणून पाणी जमिनीला टेकलेले आहे, ती सगळी जागा १५२२ फुटांवर आहे. त्या काठाने आखलेली रेघ म्हणजेच समपातळी रेषा, आपल्या बोलीत कंटूर. १९७२ च्या दुष्काळात बंडिंगच्या कामावर गेलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना कंटूर हा शब्द शिकवावा लागत नाही. दुर्बिणीतून साहेब जी रेघ आखून देत, तीच रेघ जलाशय आपल्या काठाने फुकट आखून देतो. पाणी उतरले की रेघ खाली सरकते, गाळपेराच्या जमिनी उघड्या पडतात आणि नवी रेघ मिळते. उपग्रहाने वेगवेगळ्या दिवशी टिपलेल्या या रेघा आणि त्या त्या दिवसाची पट्टीवरची पातळी एकत्र मांडून धरणात किती गाळ साचला हे काढतात. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, जिला सगळे 'मेरी' म्हणतात, राज्यातल्या धरणांसाठी असे काम करते.

इथे पातळी माहीत असते, कड दिसते, आणि त्यावरून जमिनीची उंची निघते. पुरात हाच हिशेब उलटा मांडायचा. जमिनीची उंची आधीच माहीत आहे, कड उपग्रहाने दाखवली, तर कडेच्या जमिनीची उंची हीच पाण्याची पातळी झाली. पातळी कळली की तिच्यातून तुमच्या शेताची उंची वजा करा, उरले ते तुमच्या शेतातले पाणी.

उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा एका ठिकाणी नदीच्या डाव्या अंगाला पाण्याची कड जिथे थांबली तिथली जमीन १०३.२ मीटर उंचीवर आहे आणि समोरच्या उजव्या अंगाला १०३.० मीटरवर. म्हणजे मधल्या पाण्याची पातळी सुमारे १०३.१ मीटर. या पट्ट्यात तीन शेते आहेत. पहिले कडेजवळचे, १०२.७ मीटरवर. तिथे ०.४ मीटर, म्हणजे सव्वा फुटाच्या आसपास पाणी. दुसरे १०१.८ मीटरवर. तिथे १.३ मीटर, म्हणजे सव्वाचार फूट. तिसरे पात्राला लागून, १००.१ मीटरवर. तिथे तीन मीटर, म्हणजे जवळजवळ दहा फूट, आडसाली उसाचाही शेंडा दिसायचा नाही. गवंडी घराची जोती काढताना पारदर्शक नळीत पाणी भरून एका कोपऱ्याची पातळी दुसऱ्या कोपऱ्याला नेतो. इथे नळीच्या जागी पूर आहे, एवढाच फरक.

एक मात्र ध्यानात ठेवायचे. वाहत्या नदीचे पाणी जलाशयासारखे सपाट नसते. वरच्या गावाला पातळी उंच, खालच्या गावाला कमी. म्हणून सगळ्या नदीला एकच पातळी लावून चालत नाही. ज्या शेताची खोली काढायची त्याच्या जवळात जवळच्या कडेची उंची घ्यायची, हा नियम. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात तयार झालेली 'एफडब्ल्यूडेट' ही संगणकाची पद्धत हेच करते. पाणी भरलेल्या प्रत्येक चौकटीला ती जवळची कड शोधून देते, तिची उंची लावते आणि जमीन वजा करते. तत्त्व आपल्या नळीचेच, फक्त संगणक ते लाखो वेळा न कंटाळता करतो.

कड कशी दिसते

पूर असतो तेव्हा आभाळ भरलेले असते. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगच दिसतात. म्हणून पुरासाठी रडारचे उपग्रह लागतात. ते स्वतः लहरी सोडतात आणि परत येणाऱ्या लहरी टिपतात, त्यांना ढग आडवा येत नाही, रात्र आडवी येत नाही. आपल्या इस्रोचा रिसॅट-१ हा उपग्रह एप्रिल २०१२ मध्ये गेला, त्याच्या पुढचा ईओएस-०४ फेब्रुवारी २०२२ मध्ये. युरोपचा सेंटिनेल-१ एप्रिल २०१४ पासून फिरतो आहे आणि त्याची चित्रे कुणालाही विनामूल्य मिळतात.

रडारला पाणी काळे दिसते. का, ते रात्री मोटारसायकलवरून येताना बघा. कोरड्या रस्त्यावर दिव्याचा उजेड पडला की रस्ता उजळ दिसतो, कारण खडबडीत डांबर उजेड सगळीकडे फेकते आणि त्यातला थोडा आपल्याकडे परत येतो. पाऊस पडून रस्त्यावर पाणी साचले की तोच रस्ता काळाकुट्ट दिसतो. उजेड आरशावरून निसटावा तसा पुढे निघून जातो. उपग्रह रडारची लहर तिरपी सोडतो, ती संथ पाण्यावरून अशीच पुढे निसटते. नांगरलेले रान, झाडे, घरे यांच्यावरून मात्र परत येते. पुराच्या आधीचे चित्र आणि पुराच्या दिवसाचे चित्र शेजारी ठेवले की नव्याने काळे झालेले ते पुराचे पाणी. आधीचे चित्र हवेच, कारण सपाट कोरडी वाळू आणि डांबरी रस्ताही काळाच दिसतो.

सेंटिनेलच्या चित्रातली एक चौकट दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असते. म्हणजे शंभर चौरस मीटर, जवळजवळ नेमका एक गुंठा. एकराच्या रानाला चाळीस चौकटी. हे ऐकून बरे वाटते, आणि कड सापडायला एवढे पुरेसेही आहे.

उंची कुठून आणतात

लासूर स्टेशनच्या फलाटावर पिवळी पाटी आहे. गावाच्या नावाखाली तिच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. देशातल्या बहुतेक सगळ्या स्टेशनांवर ती असते, आपण लहानपणापासून वाचतो आणि विसरून जातो. रेल्वे टाकणाऱ्यांना ती लागत होती, कारण चढ किती, उतार किती, पुलाखालून पाणी जाईल की नाही, हे त्यावर ठरते. १९०० साली निजामाच्या राज्यात मनमाडहून ही लाइन निघाली तेव्हा ही उंची माणसांनी दुर्बीण लावून, पट्टी धरून, टप्प्याटप्प्याने मोजत आणली. मोबाईलमधली उंची त्या पाटीशी ताडून पाहू नये. काही मोबाईल उपग्रहाच्या हिशेबातली उंची दाखवतात आणि ती आपल्या भागात समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा पन्नास मीटरहून अधिक कमी भरते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, शून्य कुठे धरले त्याचा फरक.

आता सगळ्या तालुक्याची जमीन गुंठ्या-गुंठ्याने अशी मोजणे शक्य नाही. म्हणून उंचीचे नकाशेही आभाळातूनच तयार झाले. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत जगाचा मोठा भाग रडारने मोजला. आपल्या कार्टोसॅट-१ ने, जो मे २००५ मध्ये गेला, दोन कॅमेऱ्यांनी दोन कोनांतून देशाची चित्रे घेतली. दोन डोळ्यांनी जसा खोलीचा अंदाज येतो तसा त्यावरून 'कार्टोडेम' हा उंचीचा नकाशा बनला. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या 'भुवन' या संकेतस्थळावर तो मिळतो. युरोपचा 'कोपर्निकस' नावाचा उंची-नकाशा अलीकडचा आणि अधिक नेमका.

या नकाशांची चौकट तीस मीटरची, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांची. नऊ गुंठ्यांना एकच उंची. त्यात बांध गेला, चारी गेली, ओढ्याची धाड गेली. रेल्वेचा भरावसुद्धा त्यात दबून जातो. प्रत्यक्षात भराव पाणी अडवतो आणि वरच्या अंगाला तुंबवतो, नकाशा मात्र पाणी पलीकडे सहज जाईल असे समजतो. नेमकेपणाचे म्हणाल तर कार्टोडेमची हमी आठ मीटरपर्यंतची, कोपर्निकसची चार मीटरपर्यंतची. आपण म्हणाल, आठ मीटरची चूक असलेल्या नकाशावरून चार फूट पाणी कसे मोजायचे? शंका रास्त आहे. त्यावर थोडा दिलासा असा की आपल्याला फरक काढायचा आहे. कडही त्याच नकाशावरची, शेतही त्याच नकाशावरचे. सगळा परिसर जर पाच मीटरने चढ दाखवला असेल तर वजाबाकीत ती चूक दोन्हीकडून उडून जाते, तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखा दगड असावा तशी. न उडणारी चूक ती, जी एका पारड्यात आहे आणि दुसऱ्यात नाही. आणि इथेच आपला ऊस आडवा येतो.

उसात नकाशा का फसतो

कृष्णा-पंचगंगेच्या काठचे उदाहरण सगळ्यांत बोलके आहे, कारण पूर आणि ऊस यांची गाठ तिथे सर्वांत मोठ्या प्रमाणावर पडते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांवर गेले. सांगलीला आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. २०१९ च्या पुरानंतर शासनाने वडनेरे समिती नेमली, तिने आपला अहवाल २०२० मध्ये दिला. पुराच्या दिवसांत राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने उपग्रहाच्या चित्रांवरून पाण्याखालच्या भागाचे नकाशे काढले. तिथे पाणी दिवसचे दिवस हलले नाही, त्यामुळे उपग्रहाला ते सापडले, हा एक फायदा.

पण उभ्या उसातले पाणी रडारला नीट दिसत नाही. सेंटिनेल आणि रिसॅट यांची लहर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास, दोन-सव्वादोन इंचांची. आठ-दहा फुटी उसाच्या पाल्यात ती वरच्यावर अडकते आणि पाल्यावरूनच परत फिरते. खाली कंबरभर पाणी असो नाहीतर जमीन कोरडी असो, चित्र एकच. शेजारचे सोयाबीनचे रान काळे दिसणार आणि त्याहून सखल उसाचा फड उजळ, म्हणजे कोरडा दिसणार. फड पार बुडाला तरच काळा होणार. याचा अर्थ असा की निळ्या नकाशात आपला ऊस आला नाही म्हणून पाणी नव्हतेच असे कुणी म्हणाले, तर ते मान्य करण्याचे कारण नाही. फडाच्या चारही बाजूंची मोकळी राने पाण्यात दिसत असतील आणि फड त्यांच्याइतकाच किंवा त्यांच्याहून सखल असेल, तर मधला फड कोरडा राहू शकत नाही. नकाशा करणाऱ्या जाणत्या मंडळींना हे ठाऊक असते आणि ती अशी पोकळी भरून घेतात. घाईने केलेल्या नकाशात ती तशीच राहते.

दुसरी अडचण उंचीच्या नकाशात. तो नकाशा करतानाही लहर पाल्यावरून परत आली होती. २००० सालच्या फेब्रुवारीत तुमच्या त्या रानात काय उभे होते, हे तुम्हीच आठवा. हरभरा असेल तर उंची जमिनीची लागली. तोडणी व्हायचा ऊस असेल तर उंची उसाच्या माथ्याजवळची लागली. कडेचे रान मोकळे आणि तुमचे रान उसाचे, म्हणजे दगड एकाच पारड्यात पडला. वर धरलेल्या उदाहरणातले सव्वाचार फूट पाण्याचे शेत घ्या. नकाशाने ते दोन मीटरने उंच दाखवले तर वजाबाकीत १०३.१ वजा १०३.८, म्हणजे उणे सत्तर सेंटिमीटर. उणे पाणी! संगणक त्याला शून्य म्हणतो आणि पुढे जातो. झाडे आणि इमारती वजा करून सुधारलेले नकाशे आता निघाले आहेत, त्यांनी फरक पडतो, पण उसासारखे पीक आज आहे, सहा महिन्यांनी नाही. ते कसे वजा करणार?

पहिल्या अडचणीवर उपाय दृष्टीच्या टप्प्यात आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निसार हा इस्रो आणि नासा यांचा मिळून केलेला उपग्रह गेला. त्याच्या दोन रडारांपैकी एकाची लहर २४ सेंटिमीटरची आहे, म्हणजे एक वीतभर. वीतभर लांबीच्या लहरीला पाला फारसा जाणवत नाही. ती खाली जाते, पाण्यावर आपटते, तिथून उसाच्या कांड्यांवर आपटते आणि आल्या वाटेने परत येते, जसा भिंतीच्या आणि जमिनीच्या कोपऱ्यात मारलेला चेंडू आपल्याकडेच उसळतो. त्यामुळे पाणी साचलेला ऊस या उपग्रहाला काळा न दिसता नेहमीपेक्षा जास्त उजळ दिसतो. फार दाट किंवा लोळलेल्या उसात ही लहरसुद्धा अडखळते, हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या अपेक्षा वाढायच्या.

आपल्या शिवनेचे काय

कृष्णेचा पूर बसून राहतो. शिवना तशी नाही. वर कन्नडच्या डोंगराकडे रात्री पाऊस झाला की पहाटे लासूरच्या देवीच्या घाटावर पाणी चढते आणि पुष्कळ वेळा दुसऱ्या दिवशी उतरूनही जाते. एक रडार उपग्रह त्याच वाटेने पुन्हा यायला बारा दिवस घेतो. दोन-तीन उपग्रह मिळून हे अंतर कमी होते, तरी पुराचा माथा आणि उपग्रहाची फेरी एकाच वेळी येणे हा योगायोगच. सेंटिनेल आपल्यावरून सकाळी किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास जातो. पाणी रात्री दोनला चढून सकाळी नऊला ओसरू लागले आणि त्या दिवशी फेरीच नसली, तर उपग्रहाच्या लेखी पूर आलाच नाही. गोदावरीकाठच्या, नाथसागराच्या फुगवट्याजवळच्या सभासदांचे वेगळे. तिथे पाणी टिकते, तिथे उपग्रह उपयोगी पडतो. ऑगस्ट २००६ मध्ये पैठण शहरात पाणी शिरले तेव्हाही तो पूर काही तासांचा नव्हता.

मग लासूरकडच्या सभासदांनी हात जोडून बसायचे का? नाही. हिशेब पुन्हा आठवा. त्याला कड पाहिजे. ती कड उपग्रहानेच बघितली पाहिजे असे त्या हिशेबात कुठेही नाही. तुम्ही बघितलेली कड त्याला चालते, आणि ती अधिक नेमकी असते, कारण ती गुंठ्याच्या चौकटीत मोजलेली नसते, बोटभर रुंदीच्या गाळाच्या रेघेत मोजलेली असते. नदीच्या दोन्ही काठांना थोड्या थोड्या अंतरावर अशा पुराच्या माथ्याच्या खुणा मिळाल्या आणि सर्व्हेअरने दुर्बीण लावून त्यांची उंची एकमेकांशी जोडली, तर त्या पुराच्या पाण्याची पातळी वरपासून खालपर्यंत मिळते. उसातल्या जमिनीची खरी उंचीही त्याच दुर्बिणीने, बांधावरून, घेता येते. रेल्वेपुलाच्या खांबांवर सर्वोच्च पूरपातळीची खूण रंगवलेली असते, तिचाही ताळा घेता येतो. उपग्रहाला मग दुसरे काम उरते. पाणी ओसरून ऊन पडले की साध्या कॅमेऱ्याचा सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी चित्र देतो आणि गाळाने माखलेले, पिवळे पडलेले फड त्यात हिरव्यापासून वेगळे दिसतात. खोली खुणांवरून, परिणाम चित्रावरून, असा हा जोड आहे.

खुणा घ्यायच्या कशा याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण चुकीच्या खुणेने सगळा हिशेब बिघडतो. पाणी उतरल्यावर पहिल्याच दिवशी, पुढचा पाऊस यायच्या आत फिरावे. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या बुंध्यावर, विहिरीच्या कठड्यावर, गोठ्याच्या भिंतीवर गाळाची आडवी रेघ उमटलेली असते. सर्वांत चांगली रेघ ती, जी बंद जागेत असते, मोटारीच्या खोलीत आतल्या भिंतीवर, गोठ्याच्या आतल्या अंगाला. तिथे पाणी संथ होते. उघड्या झाडावर किंवा खांबावर प्रवाहाच्या तोंडाकडच्या बाजूला पाणी आपटून वर चढते आणि काडीकचरा खऱ्या पातळीपेक्षा उंच अडकतो. म्हणून आडोशाच्या, म्हणजे प्रवाहाकडे पाठ असलेल्या बाजूची रेघ धरावी. उसाला लटकलेल्या पाचटावरून पातळी ठरवू नये. ऊस पाण्यात झुकतो आणि नंतर उठतो, पाचट त्याच्याबरोबर वर जाते. विजेच्या खांबाला आणि ओल्या स्टार्टरला मात्र हात लावायचा नाही, तिथली रेघ लांबून बघून ठेवली तरी पुष्कळ झाले.

रेघ सापडली की तिच्यावर ऑइलपेंटची आडवी पट्टी मारावी आणि शेजारी तारीख लिहावी. जमिनीपासून टेपने उंची मोजावी. गाळ साचला असेल तर तो बाजूला करून मूळ जमिनीपासून मोजावी आणि गाळाची जाडी वेगळी लिहावी. टेप लावलेला असतानाच मोबाईलवर फोटो काढावा. गट नंबर, पाणी चढायला लागले ती वेळ, माथ्याची वेळ, शेताबाहेर गेले ती वेळ, एवढे घरातल्या शाळेतल्या पोराकडून वहीत लिहून घ्यावे. लागणीची तारीख आणि त्या दिवशी ऊस किती फूट होता हेही. आठवणीवर ठेवू नये. पंधरा दिवसांनी सगळ्यांचेच पाणी एक-एक हाताने वाढलेले असते, हा अनुभव आहे.

या कागदाने पंचनामा होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पंचनामा तलाठी आप्पांनी (त्यांना आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), ग्रामसेवकांनी आणि कृषी खात्याच्या माणसांनी समक्ष करायचा असतो. शासनाच्या मदतीसाठी पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक भरावे लागते. जमीन खरडून गेली असेल तर त्याची नोंद वेगळी. पण पंचनाम्याला माणसे येतात तोवर पाणी गेलेले असते, ऊस वरून हिरवा दिसत असतो आणि पोंगा आतून कुजत असतो. त्या वेळी भिंतीवरची तारीख घातलेली पट्टी आणि फोटो दाखवता येतो, पोंगा उपसून दाखवता येतो.

नदीकाठच्या गावांत निळी रेषा, लाल रेषा हे शब्दही कानावर येतात. पाटबंधारे खाते या पूररेषा आखते. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. याचा अर्थ एकदा पूर आला की पंचवीस वर्षे निश्चिंती असा काढू नये. दर वर्षी शंभरात चार वेळची शक्यता, असा त्याचा अर्थ आहे, आणि ती शक्यता पुढच्या वर्षीही तेवढीच राहते. कोल्हापूरकरांनी २०१९ नंतर दोनच वर्षांत हे पाहिले. अशा रेषा आखतानासुद्धा जुन्या पुरांच्या खुणा विचारल्या जातात, आणि त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडेच असतात.

तेव्हा काठच्या प्रत्येक सभासदाने आपल्या हद्दीतली एक पक्की जागा आत्ताच, कोरड्या दिवसांत ठरवून ठेवावी. विहिरीचा कठडा उत्तम, कारण तो हलत नाही आणि दुर्बीणवाल्याला पट्टी टेकवायला सोपा. कठड्याच्या माथ्यापासून शेताची सर्वांत सखल जागा किती फूट खाली आहे हे नळीने काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. मग पुराच्या रात्री कठड्यावर पाणी कुठे आहे एवढे लांबून बॅटरीने पाहिले तरी शेतात किती आहे ते घरबसल्या सांगता येईल. आजोबांच्या वेळच्या पुराची खूण कुठे असेल तर तीही मोजून त्याच पानावर घ्यावी, चुना उडून जायच्या आत. वहीची नक्कल चिटबॉयजवळ किंवा गट ऑफिसात द्यावी. तोडणीचा कार्यक्रम लावताना शेतकी खात्याला ती समोर ठेवता येते.